उणे वीस

बेलेमच्या या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर
एक पेटी आहे, तेवढाच आमचा हिवाळा.
बाकी सगळं शहर घामाचं, नदीच्या वासाचं,
आणि डिसेंबरभर
उभ्या गाड्यांच्या टपांवर धप्प धप्प पडणाऱ्या आंब्यांचं.

एदेनिल्सन, काच उगाच सरकवू नकोस.
ही दमट हवा पाहुणी म्हणून आत शिरते
आणि पात्यावर दहिवर होऊन ठाण मांडते.

हं. आलं बघ.
ओल्या गॉझमध्ये, झाकणाच्या डबीत,
बोराएवढं.
डबीवरचं नाव वाचायचं, कागदाशी पडताळायचं,
मग विसरायचं.
यातलं शेवटचं मला अजून जमलेलं नाही.

आधी टिपून घे. चोळू नकोस, टिप.
थेंब राहिला तर त्याचे काटे होतात
आणि भिंगाखाली पेशींच्या जागी
नुसती भोकं, चाळण.
हे मी पुस्तकात नाही वाचलं.
बाबा व्हिजियाच्या बर्फाच्या कारखान्यात होते,
कोळ्यांच्या होड्यांना लाद्या फोडून द्यायचे.
म्हणायचे, हळू गोठलेला मासा
कढईत रडतो.
पाणीच पाणी, आणि मांसाचा भुगा.
झटकन गोठला तर त्याला पत्ताच लागत नाही
आपण नदीबाहेर आहोत याचा.

आता जेल ओत. मधाच्या धारेनं. बुडबुडा नको.
वरून थंड धातूचा ठोकळा टेकव आणि थांब.
तव्यावर अंड्याचं पांढरं कडेकडेनं धरतं ना,
अगदी तसं,
फक्त इथली आग उलटी.

चाक फिरव. एका दमात.
पाच मायक्रॉन म्हणजे किती, विचारू नकोस.
माझी आई कसावाचे घावन घालायची
आणि उजेडासमोर धरून आम्हाला दाखवायची,
पलीकडची चूल दिसायची त्यातून.
ते घावन याच्यापुढे गोधडी.

नाही येत.
चरबी आहे ही, छातीतली. चरबी उणे वीसला जुमानत नाही,
तिला उणे तीस लागतात.
पापुद्रा सुटतो तो चुरगळूनच,
पात्याला लोण्यासारखा फासला जातो.
सोड, मी बघते.

फोन. ऑपरेशन थिएटर.
झालं का, दोना जासिरेमा?
होतंय, डॉक्टर.
पुन्हा फोन.
होतंय.
तिसऱ्यांदा तू उचललास
आणि काही न बोलता नुसता कानाशी धरून उभा राहिलास.
बरं केलंस.
तिकडे दिव्याखाली एक बाई उघडी पडली आहे,
कुणीतरी तिची झोप मिनिटामिनिटानं मोजून देतंय.

थंडी फवारली. थांबले. पुन्हा फवारली.
दोन गेले. तिसरा अर्धा. चौथ्याला सुरकुती.
पाचवा आला,
आला सरळ, स्वतःच्या पायांनी आल्यासारखा.

श्वास रोख आता. इथे तुझा श्वास म्हणजे वादळ.
कुंचल्याच्या टोकानं कड धरली आहे मी.
स्लाइड आण, खोलीच्या उबेतली.
टेकवू नकोस, जवळ ने फक्त. अजून जवळ.

पाहिलंस?
उडी त्यानंच मारली.
सत्तावीस वर्षं बघतेय आणि कळत नाही,
इतकं गारठून आलेलं काही
उबेकडे इतक्या चटकन कसं जातं.

निळा दे. धू. गुलाबी दे. धू.
केंद्रकं जांभळी होऊन वर येतील,
बाकीचं पहाटेच्या ढगासारखं, ते आपलं काम नाही.
भिंगाशी डॉक्टर तेल्मा बसल्या आहेत.
त्यांची खुर्ची करकरते आहे तोवर ठीक.
करकर थांबली की त्या फोन उचलतात, एक शब्द बोलतात,
आणि तेवढ्यात मी इथला नळ पूर्ण सोडते.
दरवेळी.
हात धुवायचे असतातच ना.

पातं काढताना बोटं जप.
थंडीत कापलेलं
लगेच दुखत नाही.